गावच्या शाळेचा इतिहास लिहायचाय? मग जनरल रजिस्टरपासून सुरुवात करा

शाळेला ७५ किंवा १०० वर्षं झाली की गावात मीटिंग होते, मांडव ठरतो, स्मरणिका काढायचं ठरतं आणि "इतिहास तू लिही, तुला लिहिता येतं" असं म्हणून कुणातरी एकाच्या गळ्यात ते काम पडतं. मग दीड पान तयार होतं, त्यात दानशूर व्यक्तींचं सहकार्य, मुख्याध्यापकांची यादी, आणि शाळेतून कोण कोण मोठे साहेब झाले ते. झाला इतिहास. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या शाळेत कोणत्या घरातली पोरं कधी आली, कोणाची आली नाहीत, आणि आलेली कधी व का गेली, हा खरा इतिहास आहे आणि तो लिहिता येतो, कारण त्याचे कागद बहुतेक शाळांमध्ये आजही कपाटात आहेत. ते कसं करायचं ते सांगतो. मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचं केलं, शेजारच्या दोन वाड्यांना मदत केली, त्यातून जे कळलं ते.

आणि हे आत्ता करा. पट कमी होतोय, २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले होते, तशी वेळ आपल्या शाळेवर आली तर रजिस्टरं दुसऱ्या शाळेत जातात आणि तिथे ती कुणाच्याच ओळखीची नसतात.

पहिलं काम परवानगी. मुख्याध्यापकांना भेटा, तोंडी बोला आणि लगेच एक साधा अर्ज पण द्या. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, हे कायमचं जपायचं रेकॉर्ड असतं, त्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असते, त्यामुळे सर किंवा बाई जरा मागेपुढे बघतात आणि ते बरोबरच आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावा, ठराव झाला की त्यांनाही बळ येतं. रजिस्टर घरी न्यायचं नाही, कितीही ओळख असली तरी. शाळेतच बसायचं, शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी सर थोडं थांबले तर छान वेळ मिळतो. नाहीच जमलं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण शाळेशी गोडीनं होत असेल तर कागदी भांडण काढू नका, वर्षभर त्याच सरांकडे जायचंय. माहिती अधिकार पंचायत समितीच्या बांधकामाच्या फायलींसाठी ठेवा.

आता जनरल रजिस्टर. यात प्रत्येक मुलाची एक ओळ असते, अनुक्रमांक, नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि यत्ता, आणि मग शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. आपण दाखला काढायला जातो तेव्हा यातलीच एक ओळ उतरवून देतात. ही रजिस्टरं टिकली त्याचं एक मोठं कारण जातपडताळणी आहे, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि गरीब घरात तसा कागद शाळेशिवाय कुठेच नसतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा तर कित्येक शाळांची जुनी रजिस्टरं पुन्हा बाहेर आली, काहींचं स्कॅनिंगपण झालं. तुमच्या शाळेचं झालं असेल तर ती फाईल आधी मागा, निम्मं काम वाचेल.

स्कॅन नसेल तर मोबाईल पुरे. खिडकीजवळ सतरंजी टाका, फ्लॅश बंद, रजिस्टर जेवढं सहज उघडतं तेवढंच उघडा, शिवण ताणू नका, थुंकी लावून पान उलटू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात लावू नका, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि खालची अक्षरं घेऊन निघते. प्रत्येक फोटोला रजिस्टर नंबर आणि पान नंबर असं नाव त्याच दिवशी द्या, नंतर देऊ म्हटलं की ते होत नाही.

आता वाचायचं कसं. सगळ्यात आधी पहिलं पान बघा, अगदी निवांत. अनुक्रमांक १ वरचा मुलगा जर बिगरीत किंवा पहिलीत दाखल झालेला असेल तर बहुधा हेच शाळेचं पहिलं रजिस्टर. पण अनुक्रमांक १, २, ३ वरची पोरं एकदम तिसरी-चौथीत दिसत असतील, सगळ्यांची दाखल तारीख एकच असेल किंवा रजिस्टर सुरू झालं त्याच्या आधीची असेल, तर समजायचं की याच्या आधी एक रजिस्टर होतं आणि त्यातली चालू मुलं नव्यात उतरवून घेतलीत. म्हणजे शाळा रजिस्टरपेक्षा जुनी आहे. पहिल्या पानावरची तारीख बघून "शाळेची स्थापना" लिहून मोकळे होणारे इथेच फसतात.

जन्मतारखेच्या रकान्यात एक गंमतीशीर गोष्ट दिसेल, अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे, आईला विचारलं तर ती म्हणायची नांगरट चालली होती तेव्हा झाला, मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरायला सांगायचे, कान हाताला लागला की सहा वर्षांचा धरायचा आणि तारीख १ जून. तर या रकान्यावरून कुणाचं वय काढू नका. पण एक करा, १ जून सोडून खरीखुरी वाटणारी तारीख कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या घरांतून यायला लागली ते बघा. जन्माची तारीख टिपून ठेवणारं घर म्हणजे ज्या घरात आधीच कुणीतरी लिहायला शिकलंय, एवढं त्यातून कळतं.

मग खरं काम. एक वही घ्या किंवा एक्सेल शीट करा आणि दर वर्षाला एक ओळ, किती मुलगे दाखल, किती मुली, कोणत्या वाडीतून किती, कोणत्या समाजातून किती. पहिली मुलगी कोणत्या वर्षी आली? दुसरी कधी? आमच्या भागात असं दिसतं की पहिली मुलगी बरेचदा गुरुजींची स्वतःची किंवा पाटील-कुलकर्ण्यांच्या घरची असते आणि मग कित्येक वर्षं मुलींचा रकाना कोराच. महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं पहिलं पोर कधी आलं, धनगरवाड्यावरून कधी आलं, कातकरी पोरांची नावं आली का आणि आली तर किती महिने टिकली. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो, पण ती गोष्ट आपल्या गावात पोचायला किती वर्षं लागली ते या रजिस्टरशिवाय कुठेच लिहिलेलं नाही.

"शाळा सोडल्याचे कारण" हा रकाना एका बैठकीत सलग वाचा. "सतत गैरहजर", "परगावी गेला", "नाव कमी केले", "यत्ता चौथी पास". एकाच हाताचं अक्षर, एकच दौत, ओळीमागून ओळ. मुलींच्या बाबतीत तिसरीनंतर "गैरहजर" किती वेळा येतं ते मोजा. १९७२-७३ च्या पानांवर "परगावी" किती ते मोजा, दुष्काळात कोणती घरं उठून गेली ते दिसतं. मी हा रकाना वाचला तेव्हा आमच्या आजीच्या वयाच्या बायकांची नावं एकाखाली एक "गैरहजर" म्हणून कमी केलेली दिसली, त्यातल्या दोघी अजून गावात आहेत, आणि त्यांना विचारल्यावर कळलं की गैरहजर म्हणजे धाकटं भावंड सांभाळायला घरी ठेवलेली. तो रकाना आणि ती बाई, दोन्ही एकत्र आले की इतिहास होतो.

इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. जात, जन्मतारीख, सोडल्याचं कारण हे लोकांचं खासगी आहे. स्मरणिकेत किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर रजिस्टरचे फोटो टाकू नका. आकडे द्या, नावं फक्त त्यांची द्या ज्यांनी किंवा ज्यांच्या घरच्यांनी हो म्हटलंय. गावात जुन्या जखमा असतात.

रजिस्टरशिवाय शाळेत अजून बरंच असतं. शेरेबुक मागा, त्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी लिहिलेलं असतं, पट किती, हजर किती, कविता पाठ आहेत का, छप्पर गळतंय का. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये खुर्ची, टेबल, फळा, नकाशा, घड्याळ कधी आलं ते. शाळेत "खडू-फळा मोहीम" कधी आली ते यातच सापडतं, १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून ती सुरू झाली, किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी असं ते होतं, आणि किती तरी एकशिक्षकी शाळा तेव्हाच दोनशिक्षकी झाल्या. पोषण आहाराची रजिस्टरं १९९५ नंतरची, आधी घरी न्यायला तांदूळ मिळायचे, शाळेत शिजवलेलं नंतर आलं. त्याच्या आधीची मिल्क पावडर आणि सुकडी मात्र लोकांच्या तोंडूनच कळेल. जुनी खोली पाडलेली असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडून नोंदीतून कमी करायचा, प्रस्ताव पंचायत समितीत शोधा, खोली कधी बांधली, कशात बांधली, किती बाय किती हे त्यात लिहावंच लागतं, आणि हा कागद कुणाच्याच लक्षात येत नाही.

शाळा कोणाची होती हा प्रश्न पण सोडवायला लागतो, कारण त्यावरून पुढचे कागद कुठे शोधायचे ते ठरतं. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याच्या आधीच्या शाळेला "जिल्हा परिषद शाळा" म्हणणं चूक आहे. जुन्या मुंबई इलाख्यात गाव असेल तर आधी डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड, मग स्कूल बोर्ड, १९२३ आणि १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यांनी हा कारभार बदलत गेला. त्याच्याही मागे गेलात तर १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी बसली, रुपयामागे एक आणा, त्यातला एक भाग शाळांना जायचा, म्हणजे आपल्या पणजोबांनी साऱ्याबरोबर शाळेचेपण पैसे भरलेत. त्याच्याआधी पंतोजींची शाळा, देवळाच्या ओसरीत, धूळपाटीवर, मोडीत, आणि फी म्हणून शिधा.

गाव संस्थानात असेल तर गोष्ट वेगळी. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं जाहीर केलं, त्यामुळे तिकडच्या खेड्यातल्या शाळा शेजारच्या इंग्रजी मुलुखातल्या गावांपेक्षा आधीच्या निघू शकतात. औंध, सांगली, फलटण, भोर, जत ही दक्षिणेतली संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर १९४९ मध्ये. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, कागद उर्दूत आणि सन फसली, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. शके असेल तर ७८ मिळवा. विदर्भात १९४८ नंतर जनपद सभा नावाच्या स्थानिक स्वराज्य संस्था होत्या, ते नाव दिसलं तर गोंधळू नका. गोव्यातल्या गावांचं तर सगळंच वेगळं, १९६१ च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यामुळे तिकडे पहिल्या बॅचचे विद्यार्थी आणि शिक्षक अजून भेटतात, त्यांना आधी गाठा. आणि साताऱ्याच्या डोंगरी भागात असाल तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या व्हॉलंटरी शाळांचं विचारून बघा, १९३८ च्या सुमारास रयत शिक्षण संस्थेने जिथे शाळाच नव्हती अशा शेकडो वाड्यांवर त्या काढल्या आणि नंतर त्या स्कूल बोर्डाकडे गेल्या. तुमच्या शाळेची "स्थापना" कदाचित त्या हस्तांतराची तारीख असेल.

बाहेरचे कागद. इंग्रजांच्या काळात कॅम्पबेल साहेबांनी संपादित केलेली जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, ऑनलाईन मिळतात, रत्नागिरीचं १८८०, साताऱ्याचं १८८५, कोल्हापूरचं १८८६. इंग्रजीत आहेत, शिक्षणाचं एक प्रकरण असतं, तालुक्यात किती शाळा ते कळतं पण वाडीवस्तीचं नाव सापडेल अशी फार आशा नको. त्यापेक्षा १९६१ नंतरच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका कामाच्या, त्यात गावनिहाय शाळा आहे का ते दिलेलं असतं. जमिनीसाठी तलाठ्याकडे जुना सातबारा आणि फेरफार बघा, शाळेची जागा गावठाणातली की कुणी बक्षीसपत्र करून दिली ते फेरफारावर येतं, आणि काही जिल्ह्यांचे जुने फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी साईटवर स्कॅन करून टाकलेत. गावात "जागा आमच्या आजोबांनी दिली" असं सांगणारी तीन तरी घरं निघतील. कागद बघून लिहा, आणि कागद नसेल तर तिघांचंही म्हणणं लिहा.

कोकणातल्या मंडळींनी मुंबई मंडळाची, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची, वही शोधायचीच. लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांमधून गिरणीत काम करणाऱ्यांनी दरमहा वर्गणी काढून गावाला शाळेच्या खोल्या बांधल्या, पावत्या आणि मीटिंगची वही अजून कुणाच्या तरी माळ्यावर ट्रंकेत असते. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्या वहीतली वर्गणी आटली का ते बघा.

इमारत स्वतः पण बोलते पण जपून ऐका. छपरावरच्या मंगलोरी कौलावर १८६५ असं उठवलेलं दिसलं की लोक म्हणतात शाळा १८६५ ची. ते बेसल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कौल कारखान्याच्या सुरुवातीचं साल आहे, कौल कधी भाजलं त्याचं नाही. तसंच कोनशिलेवरचं साल त्या इमारतीचं असतं, शाळेचं नव्हे. म्हणून मी एक तारीख लिहितच नाही, चार लिहितो, वर्ग कधी भरायला लागला, मान्यता कधी, उपलब्ध रजिस्टर कधीपासून, इमारत कधीची. शताब्दी नक्की कधी करायची यावरून गावात भांडण असेल तर या चार तारखा पुढे ठेवा आणि गावाला ठरवू द्या.

आता माणसं. म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली" विचारून उपयोग नाही. गावाला आठवणाऱ्या गोष्टीवर बांधा. कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर (११ डिसेंबर १९६७), गांधीवधाच्या वेळी तुम्ही कितवीत होतात (३० जानेवारी १९४८), दुष्काळात शाळा चालू होती का (१९७२), खग्रास ग्रहणाला शाळेला सुट्टी होती का (१६ फेब्रुवारी १९८०). लातूर-धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). असं विचारलं की साल दोन-तीन वर्षांच्या आत येतं आणि मग रजिस्टरमध्ये त्यांची ओळ काढून दाखवा, स्वतःचं नाव त्या जुन्या अक्षरात दिसलं की माणूस तासभर बोलतो.

प्रश्न बारीक विचारा. शाळा कशी होती म्हटलं की "छान होती, गुरुजी फार मारायचे" एवढंच येतं. कुठे बसायचात, पोत्यावर का जमिनीवर, सारवायची पाळी कोणाची, मुलींचीच का, पाणी कोण भरायचं आणि कोणाला वरून ओतून द्यायचे, देवळात शाळा भरायची तेव्हा कोणती पोरं पायरीखाली बसायची, घंटा कशाची होती (बऱ्याच ठिकाणी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असायचा), गुरुजी कोणाच्या घरी राहायचे आणि कोणाच्या घरी जेवायचे नाहीत. बायकांना बायकांनीच विचारलेलं बरं, आणि घरातली पुरुषमंडळी कामाला गेली की, नाहीतर आजीच्या वतीने आजोबाच उत्तर देतात. रेकॉर्डिंग करताय हे आधी सांगा, आणि "हे लिहू नको" म्हणाल्या तर लिहू नका.

जे कधी शाळेत गेलेच नाहीत त्यांच्याकडे जायला विसरू नका. शाळा बाहेरून कशी दिसायची हे तेच सांगू शकतात आणि स्मरणिकेत त्यांना कधीच जागा नसते.

लिहिताना वर्षावार जा, भाषणबाजी नको, कुणाचा सत्कार नको. ऐकीव गोष्टीपुढे "असं सांगतात" लिहा, कागदावरच्या गोष्टीपुढे कोणता कागद ते लिहा. मोडी पानं असतील तर अंदाजाने वाचू नका, पुराभिलेख खातं आणि बऱ्याच संस्था मोडीचे वर्ग घेतात, तिथून शिकलेलं कुणीतरी तालुक्यात असतंच. पहिला मसुदा शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना वाचून दाखवा, ती घरी जाऊन आजी-आजोबांना सांगतात आणि दुसऱ्या दिवशी चार दुरुस्त्या हमखास येतात. छापून झालं की एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात, आणि रजिस्टरच्या फोटोंचा पेनड्राईव्ह मुख्याध्यापकांच्या ताब्यात, सही घेऊन, म्हणजे चार्ज देताना तो यादीत येतो आणि सरांची बदली झाली तरी शाळेतच राहतो.